कुमुदिनीताईंचं फाशीचं भाषण

कुमुदिनीताई बोलल्या की समोरचा माणूस आधी त्यांच्या मागे बघायचा. बाई तशी किरकोळ, जेमतेम पाच फूट, चेहरा गोड, कपाळावर छोटीशी टिकली. आणि तोंड उघडलं की खर्जातला असा जाड, भरदार आवाज बाहेर पडायचा की हा हिचाच, यावर कुणाचा पटकन विश्वास बसत नसे. फोनवर तर विचारूच नका. गॅसवाला, कुरियरवाला, बँकेची ती मंजूळ पोरगी, सगळे एकजात "हां जी सर" म्हणूनच सुरुवात करायचे.

त्यात गंमत अशी, की त्यांच्या यजमानांचा, राघवरावांचा, आवाज नेमका उलटा. बारीक, गोड, लाजरा. त्यांना फोनवर हटकून "मैडम" म्हणत. लग्न ठरवताना गुरुजींनी गुण पाहिले, नाडी पाहिली, गोत्र पाहिलं, आवाज तेवढे पाहायचे राहिले. तरी दिल्लीत आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये फोन उचलायचं काम गेली तीस वर्षं राघवरावांचंच होतं. "मैडम, सिलिंडर कल आएगा," असं कुणी म्हटलं की ते निमूटपणे "जी" म्हणत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मला मॅडम म्हटल्यानं माझं काही बिघडत नाही, पण हिला सर म्हटलं की घरात दिवसभर कुणी बोलत नाही.

ऑफिसात ताईंनी वेगळीच युक्ती काढली होती. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून त्या बसत, आणि तिथं बोलताना गळा आवळून एक पातळ, नाकातला आवाज काढत. दिवसभर तो आवाज वागवून संध्याकाळी घसा इतका दुखायचा की घरी आल्यावर त्या मिठाच्या गुळण्या करत. हे सगळं कशापायी, तर लोक हसू नयेत म्हणून.

लोक हसले होते ना. एकदाच, पण पोटभर. ताई नव्यानं दिल्लीत आल्या त्या वर्षी महाराष्ट्र मित्र मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना नाटकातल्या नाजूक नायिकेचं काम दिलं होतं. नऊवारी काय, नथ काय, पडदा वर गेला तेव्हा लोकांनी वा वा केलं. मग नायिका म्हणाली, "नाथ, आपण आलात?" आणि हॉल जो फुटला तो पाच मिनिटं सावरेना. नायकालाही हसू आवरलं नाही, मेल्याला. ताईंनी नाटक पुरं केलं, घरी गेल्या, आणि पुन्हा स्टेजवर पाऊल टाकलं नाही. मंडळ मात्र सोडलं नाही. आधी त्यांना प्रॉम्प्टिंगला बसवलं, पण विंगेतला त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा आणि नटांचा जायचा नाही, तेव्हा तेही बंद झालं. मग राहिलं काय? साड्या नेसवणं, सेफ्टी पिना सांभाळणं आणि मध्यंतराचे बटाटेवडे. तीस वर्षं त्यांनी ते केलं. वडे उत्तम असायचे, त्याबद्दल वाद नाही. पण पडदा वर जाताना विंगेत हातात पिनांचा डबा धरून उभ्या राहिलेल्या ताईंकडे कुणी नीट पाहिलं असतं, तर कळलं असतं की ह्या बाईला अजून तिथं जायचंय.

ह्या वर्षीचं नाटक सुधन्वानं लिहिलं होतं. सुधन्वा म्हणजे मूळचा पुण्याचा, गुडगावच्या आयटी कंपनीत मोठ्या पगारावर, आणि स्वतःला लेखक-दिग्दर्शक समजणारा. तसा मुलगा वाईट नाही, पण "व्हिजन" हा शब्द फार वापरतो. नाटक होतं एका खटल्याचं. एकोणिसाव्या शतकाचा शेवट, दख्खनमधलं एक गाव, तिथल्या गोऱ्या कलेक्टरला एका तरण्या मुलानं गोळी घालून मारलं, आणि आता तो पिंजऱ्यात उभा आहे. माणूस काल्पनिक, नाव काल्पनिक. खरी नावं का घातली नाहीत, असं कुणी विचारलं की सुधन्वा सांगायचा, "अहो, पुण्यात प्रत्येकाचे नातेवाईक निघतात. उगाच प्रयोगाच्या दिवशी कुणी दारात उभं राहायला नको."

आरोपीचं काम शार्दूलला. दिसायला देखणा, नव्यानं नोकरीला लागलेला, आणि तिसऱ्या अंकात फाशीच्या तख्तावरचं भलंमोठं स्वगत त्याच्या वाट्याला. त्यासाठी त्याचे आईबाबा खास पुण्याहून विमानानं येणार होते. आरोपीच्या बायकोचं काम सोनमला. ही दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये सासूबरोबर राहायची, नवरा युवराज फौजेत, आणि गेले कित्येक महिने सरहद्दीवर. आणि न्यायाधीशाचं काम मिळालं होतं पद्माकरला.

पद्माकर मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर. घसा चांगला, पण खाण्यावर ताबा नाही. न्यायाधीशाच्या पांढऱ्या टोपासाठी लोकर हवी होती, तर हा पठ्ठ्या म्हणाला, पानिपतला स्वस्त मिळते, मीच घेऊन येतो. गेला. लोकर घेतली. येताना हायवेवरच्या ढाब्यावर लोण्याचे पराठे आणि बर्फ घातलेली लस्सी, एक ग्लास, मग दुसरा. परत आला तो नुसता हातवारे करत. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. पानिपतावर मराठी माणसाचं आणखी एकदा पानिपत झालं, आणि प्रयोग आठवड्यावर आलेला.

तालमीच्या हॉलमध्ये सुधन्वा डोकं धरून बसला होता. त्याच वेळी पलीकडे मांडववाला ताईंना सांगत होता की खुर्च्या शंभर कमी येतील. ताईंना भान राहिलं नाही. ऑफिसचा तो पातळ आवाज बाजूला पडला आणि आतला खराखुरा बाहेर आला. "भैया, कुर्सियाँ पूरी आएँगी. आज ही आएँगी." मांडववाला मुकाट्यानं खिशातून मोबाईल काढून गोदामाला फोन लावू लागला. सुधन्वानं डोकं वर केलं.

"ताई," तो म्हणाला, "न्यायाधीश कराल?"

ताईंच्या हातातला पिनांचा डबा खाली पडला, एवढंच सांगतो. पिना वेचता वेचता त्यांनी तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा विचारलं, "भाषण किती आहे?"

भाषण एकच होतं. बाकी सगळा वेळ नुसतं बसून "पुढे बोला" म्हणायचं, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी उठून शिक्षा सुनावायची. "कैदी, उभा राहा," इथून सुरू होऊन "प्राण जाईपर्यंत फासावर लटकवण्यात यावं" इथं संपणारी अकरा वाक्यं. नाटकातली सगळ्यांत जड अकरा वाक्यं, असं सुधन्वा म्हणाला, आणि ती अशी आली पाहिजेत की हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी. ताईंच्या मनात आलं, टाचणी कशी पडते ते मला नका सांगू.

तो आठवडा आर. के. पुरमच्या त्या ब्लॉकनं कसा काढला, ते त्यालाच ठाऊक. ताई सकाळी कुकर लावताना फाशी द्यायच्या. कणीक मळताना फाशी द्यायच्या. वरच्या मजल्यावरचे तमिळ गृहस्थ मराठी समजत नसूनही त्या आवाजानं इतके वरमले, की वर्षानुवर्षं ताईंच्या जागेत लावलेली आपली स्कूटर त्यांनी आपणहून हलवली. एकदा ताईंनी ओट्याशी वळून "कैदी, उभा राहा" म्हटलं आणि पेपर वाचत बसलेले राघवराव खरोखर उभे राहिले. वर म्हणाले, "तो निळा कप माझ्या हातून फुटला. सांगणारच होतो."

मुलगी मयुरा रोज संध्याकाळी वाक्यं घ्यायला बसायची. ती दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलायची पण मधेमधे खड्डे. "आई, यार, 'देहान्त शासन' म्हणजे काय एक्झॅक्टली?"

"मरणाची शिक्षा."

"अच्छा. मग सीधा तसं का नाही म्हणत?"

"कोर्टात सीधं काही म्हणत नाहीत," ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मयू, खरं सांग. लोक हसतील का गं?"

मयुरानं आईकडे पाहिलं. हा प्रश्न घरात ह्याआधी कुणी मोठ्यानं विचारलेला नव्हता. "हसले तर त्यांनाही फाशी दे," ती म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की भात लागला.

आता ज्युरीचं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथंच आहे. त्या काळच्या खटल्यांत ज्युरी बसायची, पंच म्हणा ना. मंडळाची सेक्रेटरी नीला, हिशेबी बाई. तिचा अनुभव असा, की लोक वडे खाऊन मध्यंतरात पळतात. ज्याच्या घरचं माणूस स्टेजवर, तेवढंच कुटुंब शेवटपर्यंत बसतं. तेव्हा तिनं शक्कल लढवली, की ज्युरी प्रेक्षकांतून घ्यायची. डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या, सात जणांना स्टेजवर बसवायचं, आणि त्यांतलं सगळ्यांत मोठं माणूस उठून निकाल सांगेल. कल्पना नामी होती. एकच राहून गेलं. निकाल काय सांगायचा, ते त्या सात जणांना सांगायचं कुणी? सुधन्वाला वाटलं नीला सांगेल. नीलाला वाटलं, लेखक सांगेल. तालमीत ज्युरी म्हणजे सात रिकाम्या खुर्च्या असत, आणि त्या दरवेळी गुपचूप "दोषी" म्हणत, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी सेक्टरचं सामुदायिक केंद्र खचाखच भरलं. भाद्रपदातला उकाडा, पंखे नुसते आवाजाला. ताईंनी काळा डगला चढवला, वर पानिपतच्या लोकरीचा टोप. तो नीलानं विणला होता आणि मफलर आणि मुकुट यांच्या मधलं काहीतरी दिसत होता. हातोडा म्हणून घरच्या खलबत्त्यातला बत्ता. पडदा वर जाण्याआधी ताई सवयीनं पिनांचा डबा शोधायला लागल्या, तेव्हा राघवरावांनी त्यांना विंगेत थांबवून ग्लुकोजचं पाणी पाजलं. "अगं, एक आठवडा मी रोज फासावर गेलोय," ते आपल्या बारीक आवाजात म्हणाले, "मला एकदाही हसू आलं नाही."

खुर्चीत बसून ताईंनी पहिलं "पुढे बोला" म्हटलं. हॉलमध्ये दोनचार माना एकमेकांकडे वळल्या. कुणीतरी खुदकन केलं की काय, असं ताईंना वाटलं. पण सरकारी वकील पुढे बोलला, खटला सुरू झाला, आणि ताईंनी मनात म्हटलं, ह्याचं काही नाही, खरी परीक्षा शेवटच्या अकरा वाक्यांची.

ज्युरीच्या चिठ्ठ्या निघाल्या. मानेसरला नोकरी करणाऱ्या दोन मुली, मंडळातल्या एका मुलीचा पंजाबी नवरा, ते वरच्या मजल्यावरचे तमिळ गृहस्थ, दोन निवृत्त सरकारी बाबू, आणि हौसाबाई. हौसाबाई म्हणजे सोनमची सासू. साताऱ्याकडची, डोक्यावर पदर, पायांत कोल्हापुरी, कुणी आपल्याला स्टेजवर नेतंय म्हणताना आधी देवाला नमस्कार करून आलेली. सातांत वयानं मोठी तीच, त्यामुळे निकाल सांगायचं तिच्याकडे आलं.

खटला रंगला, हे मान्य करायला हवं. शार्दूल छाती काढून उभा राहिला, मी केलं म्हणाला, मला पस्तावा नाही म्हणाला. कलेक्टरच्या खानसाम्यानं साक्ष दिली, मडमेचा मूर्च्छा येण्याचा प्रवेश झाला. आणि मग सोनम आली. तालमीत ती वाक्यं म्हणायची, झालं, बरी म्हणायची. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. "त्यांना घरी कधी पाठवणार, तेवढं सांगा," ह्या वाक्याला तिचा आवाज चिरला आणि ती खरोखर रडायला लागली. पुढची दोन वाक्यं तिनं गाळलीच. हॉलमध्ये बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ज्युरीत हौसाबाई सुनेकडे टक लावून बघत होती.

पंच आत गेले, चहा पिऊन बाहेर आले. ताईंनी बत्ता आपटला. "पंचांचा निर्णय काय?" आणि मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवून ठेवलं, कैदी, उभा राहा.

हौसाबाई उठली. पदर सारखा केला.

"सोडून द्या," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून एकानं टाळी वाजवली आणि पाठोपाठ अख्खा हॉल. मानेसरच्या मुली उड्या मारत होत्या. पंजाबी जावयाला निम्मं नाटक कळलं नव्हतं, पण मत त्यानं पुरं दिलं होतं, आणि आता तो शार्दूलला अंगठा दाखवत होता. विंगेत सुधन्वा वड्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसला. नीला त्याला म्हणाली, "तू सांगितलं नाहीस?" तो म्हणाला, "मी?"

आणि ताई? ताई बत्ता धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या घशात अकरा वाक्यं अडकली होती. तीस वर्षांनी मिळालेली वाक्यं. सुटकेसाठी स्क्रिप्टमध्ये त्यांना एक अक्षर दिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना राग आला, ह्या म्हातारीला आजच मन मोकळं करायचं होतं का. पण बाई मंत्रालयात मुरलेली. नको असलेलं कागदावर आलं की काय करायचं, ते तिला शिकवावं लागत नाही. त्यांनी टोप सरळ केला.

"हा निर्णय," ताई गरजल्या, "पुनर्विचारासाठी परत पाठवण्यात येत आहे."

आर. के. पुरमचा हॉल, निम्मे लोक सरकारी नोकरीतले. असा हशा उसळला की छताचे पंखे हलले. ताई दचकल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं, हे त्यांना हसत नाहीयेत, हे त्यांच्याबरोबर हसतायत. असं हसणं त्यांनी ह्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पंच परत आत. नीला धावत मागोमाग गेली, हात जोडून म्हणाली, "हौसाबाई, 'दोषी' म्हणायचंय हो, नाटकात तसंच आहे."

हौसाबाईनं बशीतला चहा संपवला. "मला त्या जजबाईनं इचारलंय," ती म्हणाली. "तुमी मधी बोलू नगा."

इकडे स्टेजवर पिंजऱ्यात शार्दूल घामाघूम. ओठ न हलवता पुटपुटत होता, "काकू, फाशी द्या ना, प्लीज. माझं स्वगत आहे तिसऱ्या अंकात. आईबाबा पुण्याहून आलेत." फाशी मागणारा आरोपी, फाशी द्यायला टपलेली न्यायाधीश, आणि दोघांच्या मधे एक साताऱ्याची बाई. असा खटला जगात कुठे चालला असेल तर दाखवा.

पंच आले. हौसाबाई पुन्हा उठली. "सोडा," ती म्हणाली. ह्या वेळी नुसतं एवढंच.

आता परत पाठवता येईना. ताईंना ते स्वतःलाच बरं वाटेना. त्या खुर्चीतून पुढे झुकल्या. स्क्रिप्ट संपलं होतं, ऑफिसही संपलं होतं, उरला होता तो स्वतःचा आवाज. "हौसाबाई," त्यांनी विचारलं, "त्यानं माणूस मारलाय. स्वतःच कबूल केलंय. मग का सोडायचं?"

"मारलं त्ये वंगाळच केलं," हौसाबाई म्हणाली. "त्या मडमेचं बी वाटुळं झालं, मी काय बघितलं न्हाई व्हय? पन आता आनिक एक बाई कशापायी रडवायची?" तिनं विंगेकडे बोट केलं. "ती माजी सून. ल्योक सरहद्दीवर गेला त्याला लई दिस झालं. घरात कदी रडली न्हाई पोर. मला वाईट वाटंल म्हनून. आज हितं रडली, समद्यांच्या म्होरं."

विंगेत सोनमनं तोंडावर हात धरला होता.

ताई हळूच म्हणाल्या, "त्या काळी असे जे जे होते ना, हौसाबाई, त्यांना फाशीच झाली होती. तुम्हीआम्ही काय करणार?"

हौसाबाईनं जरा विचार केला. "त्ये खऱ्यातलं," ती म्हणाली. "तवा कुनी आपल्याला इचाराया आलं न्हाई. ह्यो नाटकातला हाय न्हवं? मग ह्याला तरी सोडा."

ताईंच्या उजव्या हातात बत्ता, डोक्यावर उकडणारी लोकर, घशाशी अकरा वाक्यं रांगेत उभी. म्हणाव्यात का? म्हणता आली असती. न्यायाधीश त्याच होत्या, पंचांचं झुगारून शिक्षा सुनावली असती तर सुधन्वानं पाय धरले असते, शार्दूलच्या आईबाबांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि अखेर एकदा ह्या आवाजाचं सोनं झालं असतं. विंगेत राघवराव उभे होते. त्यांचे ओठ आपोआप "कैदी, उभा राहा" म्हणत होते, इतकं ते त्यांना पाठ झालं होतं. ताईंना त्या ओठांकडे बघून रडूच आलं. इतकी वर्षं वाट पाहिली ती कुणालातरी मरायला पाठवायला, आणि ह्या बाईनं दोन मिनिटांत विचारलं की कशाला.

त्या उठल्या. बत्ता आपटला नाही, बाजूला ठेवला.

"सोडा त्याला," कुमुदिनीताई म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत. नेहमी आवळून धरलेला गळा फक्त सैल सोडला. तो आवाज स्टेजवरून खाली उतरला, रांगांतून गेला आणि वडे ठेवलेल्या मागच्या टेबलापर्यंत पोचला. कुणी हसलं नाही. कुणी खोकलंही नाही. हौसाबाईनं हात जोडले, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि विंगेतून सोनम, तिचा प्रवेश नसताना, धावत येऊन सासूच्या गळ्यात पडली. पडदा ओढायचं काम ज्याच्याकडे होतं तो यशोधनही बघत राहिला, त्यामुळे पडदा बराच वेळ पडलाच नाही.

तिसरा अंक झाला, पण कसा झाला ते विचारू नका. शार्दूल हट्टाला पेटला, की स्वगत म्हणणारच. सोनमच्या ओळखीनं कॅन्टोन्मेंटच्या जवानांनी इतका पक्का फास बांधून दिला होता, तोही वर लटकलेला. निर्दोष सुटलेला हा गृहस्थ त्या फासाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या पहाटे, हे मातृभूमी, मी..." मग थबकला, "...मी घरी जाईन." पुढे प्रत्येक वाक्यात मरणाच्या जागी घर घालत त्यानं सगळं भाषण पुरं केलं. दोर गळ्यात पडेल तेव्हा, ह्याचं त्यानं दार उघडेल तेव्हा केलं. माझ्या रक्ताच्या थेंबाथेंबातून, इथं मात्र त्याला काही सुचेना, तेव्हा त्यानं "आईच्या हातच्या आमटीच्या थेंबाथेंबातून" म्हणून टाकलं. त्याच्या आईनं पहिल्या रांगेत ढसाढसा रडून घेतलं आणि त्याच्या बाबांनी शिट्टी मारली. सुधन्वाला लोक येऊन सांगू लागले की शेवट काय जबरदस्त लिहिलायस, आणि त्यानं ते नम्रपणे ऐकून घेतलं. व्हिजन.

मेकअपच्या खोलीत ताई टोप काढून पंख्याखाली बसल्या होत्या. केस घामानं चिकटलेले. मयुरा येऊन गळ्यात पडली आणि म्हणाली, "अकरा वाक्यं वाया गेली, आई."

"गेली," ताई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं का, तर वाटत होतं, थोडं. खोटं कशाला बोलायचं.

हौसाबाई दारात आली. आत यावं की नाही, असं करत शेवटी आली आणि ताईंचा हात दोन्ही हातांत धरला. "बाई, तुमचा आवाज लई चांगला हाय," ती म्हणाली. "तुमी 'सोडा' म्हनलासा, तवा मला वाटलं खरंच कुनीतरी सुटलं." मग सोनमला घेऊन ती कॅन्टोन्मेंटच्या बसकडे गेली. जाताना दोघी सासवासुना एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या आणि एकीकडे डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. मांडवाचं सामान न्यायला आलेला टेम्पोवाला. सवयीनं राघवराव पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला. ताईंनीही सवयीनं फोन त्यांच्या हातात दिला, आणि परत काढून घेतला.

"सर," टेम्पोवाला म्हणाला, "गाड़ी कहाँ लगाऊँ?"

"मैडम बोल रही हूँ," ताई म्हणाल्या, तशाच, आपल्या आवाजात. "पीछे के गेट पर लगाओ. और एक रस्सी टँगी है स्टेज पे, सामान उसी से बाँधना. मज़बूत है."

"जी मैडम," टेम्पोवाला म्हणाला.

राघवराव रिकामा हात तसाच पुढे धरून उभे होते. तीस वर्षांची नोकरी एका मिनिटात गेली म्हटल्यावर माणूस गांगरणारच. "मग आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"वडे वाढा," ताई म्हणाल्या, आणि पायांत चपला सरकवून बाहेर लोकांत गेल्या.